घराखालच्या जमिनीतून येणारा वायू

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुविद्युत केंद्र उभे राहत होते. कामगारांच्या अंगाला किंवा कपड्यांना किरणोत्सर्गी द्रव्य लागले असल्यास ते कळावे, म्हणून तेथे तपासणी यंत्रे बसविली होती. 1984 च्या डिसेंबरात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते त्या यंत्रापाशी आले की धोक्याची घंटा वाजू लागे. केंद्रात कारण सापडेना. सापडणार तरी कसे? तेथे वीजनिर्मिती अद्याप सुरू व्हायची होती! अखेर एके दिवशी सकाळी, कामाला हात लावण्यापूर्वीच, ते यंत्रासमोर उभे राहिले. घंटा वाजलीच. म्हणजे हे द्रव्य ते घरूनच आणीत होते.

आणि त्या घरात त्यांची पत्नी व मुले राहत होती.

तपासणी झाली. घरातील एक घनमीटर हवेत दर सेकंदाला सुमारे 1 लाख रेडॉन-अणू फुटत असल्याचे आढळले. घरात हे प्रमाण शक्यतोवर 100 च्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली सुचविले आहे.

वाचकहो, खडक व माती यांत युरेनियम अल्प प्रमाणात सर्वत्र असते. त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू उत्पन्न होतो. त्याला ना रंग, ना वास. मोकळ्या हवेत तो विरून जातो. परंतु थंडीत दारे-खिडक्या घट्ट लावून घर उबदार ठेवले, की आतील उष्ण हवा वर चढते आणि जमिनीतील वायू तळाच्या भेगांतून आत ओढला जातो. त्याच्या विघटनातून निघणारे कण श्वासावाटे फुप्फुसांत बसतात. पुष्कळ देशांत धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे हेच प्रमुख कारण ठरले आहे. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यास तर हा धोका कित्येक पटींनी अधिक!

वॉट्रस यांचे घर युरेनियमयुक्त खडकावर होते. क्वचित दोष भिंतींचाही असतो. स्वीडनमध्ये 1929 ते 1975 पर्यंत एका युरेनियमयुक्त खडकापासून निळसर काँक्रीट बनवीत, आणि त्या भिंतींतून रेडॉन निघे. तरी बहुतेक घरांत तो येतो जमिनीतूनच. तेव्हा उगीच दगडा-विटांवर संशय घेऊ नये. फरशीच्या भेगा बुजविणे आणि घरात वारा खेळता ठेवणे, हे कोणालाही करता येईल.

वॉट्रस कुटुंबाला मात्र घर सोडावे लागले. फरशीखाली नळ घालून, पंख्याने तो वायू बाहेर काढण्याची व्यवस्था झाली. काही महिन्यांनी, हवेतील प्रमाण उतरल्यावर, ती मंडळी त्याच घरात परतली.