जन्मतारखेचा चौकोन

ऑफिसच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक संगणक आम्ही चाचणीसाठी जपून ठेवला होता. त्यावर फायरफॉक्स ५२, म्हणजे एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती. एका शाळेच्या ऑनलाइन प्रवेशअर्जात काही मुलांच्या जन्मतारखा चुकीच्या येत होत्या, म्हणून २०१८ साली तो अर्ज मी तिथे उघडला.

माझ्या लॅपटॉपवर, क्रोममध्ये, तारखेच्या चौकोनावर क्लिक केलं की कॅलेंडर उघडायचं. इथे नुसता कोरा चौकोन. चौकोनाच्या ‘इनपुट’ टॅगला दिलेला ‘डेट’ हा टाइप या ब्राउझरला ठाऊकच नव्हता, आणि अनोळखी टाइप आला तर मजकुराचा साधा चौकोन दाखवायचा, असा एचटीएमएलचा नियम आहे. त्यामुळे पान मोडलं नाही, एररही आली नाही. मी ०५/०३/२०१२ टाइप करून अर्ज पाठवला. सर्व्हरवर नोंद झाली: ३ मे.

डेट ओळखणारा ब्राउझर पडद्यावर तारीख कशीही दाखवो, सर्व्हरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच पाठवतो. कोऱ्या चौकोनातलं मात्र लिहिलं तसंच जातं, आणि आमचा कोड महिना आधी धरत होता. पाच मार्चला जन्मलेलं मूल दोन महिन्यांनी लहान झालं होतं. पहिलीच्या प्रवेशात दोन महिने फार मोठे असतात.

‘डेट’ हा टाइप ज्यात आहे त्या एचटीएमएल५ला, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम मान्यता दिली. पण मान्यता एका दिवशी मिळते, सोय ब्राउझरागणिक येते. हा कॅलेंडरवाला चौकोन डेस्कटॉप क्रोममध्ये २०१२ मध्येच आला होता, फायरफॉक्समध्ये २०१७ मध्ये, मॅकवरच्या सफारीत थेट २०२१ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो कधीच आला नाही.

ब्राउझरला डेट कळतं का, हे तपासता येतं. जावास्क्रिप्टने एक इनपुट तयार करायचा, त्याला ‘डेट’ टाइप द्यायचा आणि लगेच तोच टाइप परत विचारायचा. एक्सपीवर उत्तर आलं, ‘टेक्स्ट’. आधी वाटलं, अशा ब्राउझरपुरती वेगळी सोय करावी. मग सगळ्यांसाठीच तीन रकाने केले: दिवस, महिन्यांच्या नावांची यादी, वर्ष. स्वतःच्या मुलाची जन्मतारीख पालकांना पाठ असते, त्यासाठी कॅलेंडर चाळायची गरज नाही.

एक्सपीवर पुन्हा अर्ज भरला. नोंद आली: ५ मार्च. तेव्हापासून नवा टॅग लिहिताना मी आधी हेच पाहते, की तो ज्याला कळणार नाही त्या ब्राउझरमध्ये काय उरेल, आणि उरेल तेवढ्यावर समोरच्याचं काम होईल का.