राजाचा पाय, मीटरची पट्टी

पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्यासमोर व्होजिरार नावाचा रस्ता आहे. तिथल्या ३६ नंबरच्या इमारतीच्या कमानीखाली, भिंतीत, एक संगमरवरी पट्टी बसवलेली आहे. वर एकच शब्द कोरलेला: मीटर. १७९६-९७ मध्ये शहरात अशा सोळा पट्ट्या लावल्या होत्या. कापडवाल्याने, सुताराने, गिऱ्हाइकाने यावं आणि आपलं माप जुळवून पाहावं, एवढ्यासाठी. त्यांतल्या दोनच आता उरल्या आहेत, आणि मूळ जागेवर राहिलेली ही एकच.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासूनच्या पन्नास वर्षांची गोष्ट आपण बास्तीय, गिलोटिन आणि वॉटर्लू अशा पायऱ्यांनी शिकतो. मला ती या पट्टीवरून वाचणं जास्त खरं वाटतं. राजा, प्रजासत्ताक आणि सम्राट, तिघांचेही हात तिला लागले आहेत आणि गावागावांतल्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं तिच्या मुळाशी आहे.

गाऱ्हाणं मापाचं होतं. राजेशाहीत लांबीसाठी ‘राजाचा पाय’ होता, आजच्या हिशेबाने साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर. सहा पायांचा एक त्वाझ. पॅरिसच्या शातले किल्ल्यात जिन्याच्या पायथ्याशी त्वाझची लोखंडी पट्टी भिंतीत बसवलेली होती. पण पॅरिसची वेस ओलांडली की राजाचा पाय लंगडायचा. कापडाचं माप, म्हणजे ओन, गावागणिक वेगळं. दारूचं पिंप वेगळं, जमिनीचा आरपाँ वेगळा. देशभरात मापांची सुमारे आठशे नावं होती आणि एकेका नावाखाली इतके फरक, की सगळी मिळून अडीच लाख मापं चालत असावीत, असा अंदाज दिला जातो.

नुसत्या गोंधळाला लोक सरावतात. खरी बोच बुआसो या धान्यमापात होती. जहागीरदाराला खंड धान्यात द्यायचा, आणि माप ठेवण्याचा हक्कही बहुतेक ठिकाणी त्याचाच. वाड्यावरचं माप पिढ्यांमागे हळूच मोठं होत गेलं तर शेतकरी ते कशाशी ताडून पाहणार? त्यात शिगेचा प्रश्न. राग शिगेला पोहोचला असं आपण म्हणतो ती हीच शीग: माप काठोकाठ भरल्यावर वर चढणारी धान्याची रास. खंड घेताना माप शिगेसकट घ्यायचं आणि धान्य विकताना शीग फळीने उतरवून सपाट द्यायचं. दोन्ही वेळी नाव बुआसोच. धान्य उंचावरून ओतलं तर जास्त दबून बसतं, म्हणून ते किती उंचीवरून ओतायचं यावरही भांडणं होत.

१७८९ च्या वसंतात सोळाव्या लुईने स्टेट्स-जनरल ही सभा बोलावली आणि गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहायला सांगितल्या. करांच्या आणि मिठाच्या तक्रारींच्या जोडीला त्या वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा एक मागणी आली: एक राजा, एक कायदा, एक वजन, एक माप. लिहिणाऱ्यांना तेव्हा राजा हवाच होता, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांना जहागीरदाराच्या हातातलं माप नको होतं. ४ ऑगस्टच्या रात्री, त्या सभेतूनच उभ्या राहिलेल्या राष्ट्रसभेने जहागिरीचे विशेषाधिकार संपवण्याचा ठराव केला आणि मापाच्या सुधारणेची वाट मोकळी झाली.

सोपा उपाय समोर होता. पॅरिसचंच माप देशभर लागू करायचं. पण एका शहराचं माप दुसऱ्याने का मानावं? १७९० मध्ये राष्ट्रसभेतल्या तालेराँ याने निसर्गातून माप घेण्याचा प्रस्ताव मांडला. आधी लंबकाचा विचार झाला. मग मार्च १७९१ मध्ये ठरलं, की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग हेच नवं माप. पृथ्वी कोणाच्या जहागिरीत नाही, म्हणून माप तिचं.

१९ जून १७९१ ला शास्त्रज्ञ राजाच्या भेटीला गेले. कासिनी या खगोलशास्त्रज्ञाच्या घराण्याने ध्रुव ते विषुववृत्त या रेषेचा फ्रान्समधला भाग आधी मोजलेला होता. तुझ्या वडिलांनी आणि आजोबांनी मोजलं तेच पुन्हा कशाला, असं राजाने विचारलं. बोर्दा यांनी बनवलेलं कोनमापक यंत्र आता कितीतरी बारीक मोजतं, असं कासिनीने सांगितलं. दुसऱ्याच रात्री राजा वेश बदलून पॅरिसमधून पळाला आणि वारेन गावात पकडला गेला.

तरी मोहीम निघाली. १७९२ च्या उन्हाळ्यात देलांब्र आणि मेशाँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले, देलांब्र उत्तरेकडे आणि मेशाँ दक्षिणेकडे. त्या रेषेतलं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचं हजारएक किलोमीटरचं अंतर शंभराहून जास्त त्रिकोण जोडत मोजायचं होतं. त्यासाठी चर्चचे मनोरे, किल्ल्यांचे बुरूज, टेकड्यांची माथी चढायची आणि दुर्बिणीतून पुढची खूण पकडायची. देश युद्धात होता, शत्रू पॅरिसवर चालून येत होता, आणि अशा वेळी एक अनोळखी माणूस मनोऱ्यावरून दुर्बीण लावून बसलेला. लोकांना तो हेर वाटला यात नवल नाही. देलांब्रकडचे परवाने राजाच्या नावाचे होते आणि १० ऑगस्टनंतर राजाच कैदेत पडला. सप्टेंबरात सां-दनी इथे जमावाने देलांब्रला अडवलं, यंत्रं चौकात मांडायला लावली. तिथेच उभं राहून त्याने पृथ्वी कशी मोजतात ते अंधार पडेपर्यंत लोकांना समजावून सांगितलं. पुढे एका ठिकाणी खुणेसाठी उभारलेलं पांढरं कापड लोकांना राजाचं निशाण वाटलं. देलांब्रने त्याला लाल आणि निळ्या पट्ट्या जोडल्या आणि काम चालू ठेवलं. हा माणूस मला त्या काळातल्या कितीतरी वक्त्यांपेक्षा मोठा वाटतो.

मेशाँचं दुःख निराळं. बार्सिलोनात घेतलेल्या दोन निरीक्षणांत अक्षांशाचा जेमतेम तीन सेकंदांचा फरक आला. दोष कुठे आहे ते त्याला सापडेना. त्याने तो फरक लपवला आणि आयुष्यभर मनात जळत ठेवला. पुन्हा मोजायला तो स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने गेला. त्याच्या वह्या हाती आल्यावर देलांब्रला सगळं कळलं.

दरम्यान क्रांती स्वतःचीच माणसं खात होती. विज्ञान अकादमी बरखास्त झाली, मापसमितीतला कॉन्दोर्से तुरुंगात मेला, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचं डोकं मे १७९४ मध्ये उडवलं गेलं. घाईत एक तात्पुरता मीटर मात्र ठरवून टाकला होता. ७ एप्रिल १७९५ च्या, म्हणजे क्रांतीच्या पंचांगातल्या १८ जर्मिनालच्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम आणि जमिनीसाठी आर ही नावं पक्की झाली. दिवसाचेही दहा तास करण्याची क्रांतीची योजना त्याच कायद्याने बाजूला पडली. कायम मीटर डिसेंबर १७९९ मध्ये आला, आणि तोवर सत्ता नेपोलियनच्या हाती गेलेली होती. सात वर्षांच्या पायपिटीनंतर मीटर बदलला तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आजच्या मोजणीने पाहिलं तर आधीचा तात्पुरता मीटरच पृथ्वीच्या मापाला थोडा जास्त जवळचा होता. आपल्याला वाटला तितका पृथ्वीचा आकार सरळ नाही, हे त्या श्रमातून कळलं, आणि माझ्या मते ती कमाई मीटरहून लहान नाही.

बाजाराने मात्र मीटर आपला म्हटला नाही. बाई पाव पौंड लोणी मागते, अर्धा ओन कापड मागते. तिचा हात अर्ध्याचा, तिसऱ्या हिश्श्याचा आणि पावाचा. ०.२५ हा तिच्या बोटांना कळत नाही. नेपोलियन गणित जाणणारा होता, गणिती लाप्लासनेच त्याची परीक्षा घेतली होती. पण राज्य चालवायचं तर बाजाराशी किती भांडायचं? १२ फेब्रुवारी १८१२ च्या हुकमाने जुनी नावं परत आली. त्वाझ दोन मीटरचा, पाय मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचा, पौंड पाचशे ग्रॅमचा. नाव राजाचं आणि आत मीटर. त्याच वर्षी नेपोलियन रशियावर चालून गेला. साम्राज्य बुडालं, बुर्बाँ राजे परतले, तरी ही तडजोड टिकली. शुद्ध मीटर सक्तीचा झाला तो १ जानेवारी १८४० ला, लुई-फिलिप या आणखी एका राजाच्या अमलात. वह्यांत तक्रार लिहवून घेणारे बहुतेक शेतकरी तोवर मातीत गेले होते.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर, ऑक्टोबर १९५८ पासून, शेर आणि पायलीच्या जागी किलो येऊ लागला. सातबारा उताऱ्यात क्षेत्राच्या रकान्यात हेक्टरनंतर ‘आर’ लिहिलेलं असतं. तो १८ जर्मिनालच्या कायद्यातलाच आर, शंभर चौरस मीटरचा. गुंठा त्याहून जेमतेम चौरस मीटरभर मोठा. त्यामुळे बांधावर उभा राहून शेतकरी गुंठाच म्हणतो, आणि तलाठी आर लिहितो.