ड्रोन वर, रोग खाली

‘नमो ड्रोन दीदी’ योजना 2023 मध्ये आली, आणि तेव्हापासून शेतीतल्या तंत्रज्ञानाची बातमी म्हटली की सोबत ड्रोनचा फोटो ठरलेलाच. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या गुंदसारख्या गावात मात्र, पोफळीच्या बागेत, त्याचं फारसं चालत नाही. सुपारीचा कोळेरोग घडावर येतो. घड झावळ्यांच्या खाली आणि ड्रोन फवारणार वरून! पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाला त्याचा उपयोग होईलही, घडाला नाही.

औषध तर शंभरी ओलांडलेलं. लेस्ली कोलमन हा कॅनडाचा शास्त्रज्ञ 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात रुजू झाला आणि 1910 मध्ये कोळेरोगावरचा त्याचा अभ्यास छापून आला. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवर मारायचं बोर्डो मिश्रण त्याने पोफळीवर आणलं. त्याआधी बागायतदार एकेका घडाला टोप्या बांधत बसायचे. प्रमाण आजही तेच: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. त्यात कोयत्याचं पातं बुडवायचं; तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीसेक दिवसांनी, तीही पावसाने उघडीप दिली तर.

बदललं ते झाडावर चढणं. घड उतरवणाऱ्याला इकडे कोनेगौडा म्हणतात. शेंड्यावरून झोका घेऊन तो खाली न उतरताच शेजारची पोफळ पकडतो. असे गडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि मजुरी परवडते म्हटलं तरी नवी पोरं चढायला तयार नाहीत. का व्हावं? पडलं की कंबर गेली. म्हणून आली दोटी: कार्बन फायबरची, एकात एक सरकणारी, साठ फुटांच्याही वर जाणारी काठी. जमिनीवर उभं राहून तिने फवारताही येतं, घडही काढता येतो. मान मात्र दिवसभर वर.

माझं मत विचाराल तर दोटीपुढे ड्रोन फिका. पण कार्बन फायबरमधून वीज वाहते. काठी तारेला लागून माणसं दगावली आहेत. तेव्हा दोटीच्या अनुदानाचा अर्ज भरण्याआधी बागेवरून गेलेली वीजवाहिनी हलवून घ्या. ते होईपर्यंत लाइनमनला सांगून वीज बंद केल्याशिवाय दोटी उभी करू नका.