गावाखालची पांढरी

११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, दख्खन निजामाच्या हाती आली आणि विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिलं. आज तीनशे वर्षांनी सिंदखेड राजा तालुक्यातलं हे गाव साखरखेर्डाच आहे. लढाई जिंकणाऱ्याने दिलेलं नाव गावाला का चिकटलं नाही, हे समजायचं तर या मुलखात गाव वसतं कसं ते आधी पाहायला हवं.

हा वऱ्हाडातला बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख. एकीकडे पैनगंगा, दुसरीकडे खडकपूर्णा. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते, पण घाटावरच्या या दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी गोदावरीत जातं. मधली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती सोन्यासारखी, पण तिच्यावर घर बांधलं तर भिंती तडकतात. म्हणून पहिली वस्ती काळीच्या कडेला, मुरमाड उंचवट्यावर पडते. पाणी हाकेच्या अंतरावर हवं, पण पुराच्या रेषेच्या वर. नदी-नाल्याचं वाहतं पाणी हिवाळ्यानंतर आटतं, तरी वाळूत झिरा खणला की पिण्यापुरतं मिळतं. काठाजवळच्या विहिरीलाही खडकावरच्या मुरमातून पाझर येत राहतो. गाव वसवणारा माणूस वाहत्या धारेपेक्षा हा पाझर जास्त पारखून घेत असणार, असं मला वाटतं. वैशाखात गाव जगतं ते त्याच्याच जोरावर.

एकदा चूल पेटली की गावाची स्वतःची माती तयार व्हायला लागते. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हाडं, खापरं यांचे थर साचतात आणि जमिनीचा रंग फिका होतो. हीच पांढरी. ती काळीसारखी फुगत नाही, पाणी लवकर आत घेत नाही. म्हणून भिंतींना, धाब्याला आणि वऱ्हाडातल्या गढ्यांच्या बुरुजांना हीच माती वापरली गेली. शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी, अशी गावाची जुनी वाटणी आहे. ‘खेडं’ हा शब्द संस्कृत ‘खेट’वरून आला, आणि जुने जैन ग्रंथ खेट म्हणजे मातीच्या तटाने वेढलेली वस्ती असं सांगतात. म्हणजे आपल्या गावकुसाची आठवण त्या शब्दातच आहे.

पण नुसत्या मातीने माणसं थांबत नाहीत. दुष्काळ आला, फौज गेली की गाव उठायचं. १६३०-३२च्या दुष्काळाने दख्खनेत गावंच्या गावं ओस पडली. अशा गावाला महसुलाच्या भाषेत ‘बेचिराख’ म्हणत. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख. पण बेचिराख गावाचंही नाव आणि शीव दप्तरात कायम राहत असे.

ते पुन्हा वसवायचं तर सरकार कौल, म्हणजे सवलतीचं आश्वासन, देई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा वाढवत ठरलेल्या वर्षी पूर्ण, हा इस्तावा. पाटील कुळं जमवून आणी. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. त्यांच्या मागोमाग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना बोलावून बलुतं बांधून दिलं जाई. पैशाचा व्यवहार थोडा. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे आणि त्या बदल्यात वर्षभर काम. महार-मांगांची घरं मात्र गावकुसाबाहेर ठेवली गेली. ज्याच्या साक्षीवर शिवेचा तंटा मिटायचा, त्या महाराला त्याच गावाच्या वेशीआत घर नव्हतं. गाव वसण्याची गोष्ट सांगताना हे वगळलं तर ती खोटी होईल.

बाजार भरायला लागला, शेटे-महाजनांनी पेठ वसवली, परगण्याचं काम तिथून चालू लागलं की मौजेचा कसबा होई. इथवर पोचलेल्या गावाचं नाव सनदांत, वतनाच्या कागदांत, शिवेच्या तंट्यांत आणि लेकींच्या सासर-माहेरच्या बोलण्यात शेकडो वेळा आलेलं असतं. निजामाने बदललं ते दरबारातलं नाव. बाजाराला निघालेल्या शेजारच्या गावच्या शेतकऱ्याला साखरखेर्ड्यालाच जायचं होतं.

नाव टिकलं, पण ज्या मातीवर गाव उभं राहिलं ती वऱ्हाडातली पांढरी आता झपाट्याने संपते आहे. ती पिकाला चांगली मानतात, म्हणून पडक्या गढ्यांची आणि टेकाडांची माती ट्रॉली भरभरून शेतात नेऊन पसरली जाते. तिच्याबरोबर खापरं, मणी, जुन्या चुलींच्या जागाही निघून जातात. पैनगंगेकाठच्या मेहकरात १८८८ मध्ये जमीन खणताना शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती सापडली, तेव्हा निदान खणणाऱ्यांना ती दिसली. ट्रॉलीत पडलेलं खापर कोण पाहतो? आपल्या गावाची पांढरी उकरली जात असेल तर तिथे जाऊन उभं राहा आणि कापलेल्या कडेवरचे थर पाहा: काळसर पट्टा राखेचा, पिवळट पट्टा पडलेल्या भिंतीचा, आणि सगळ्यांत खाली मुरूम, जिथे पहिली चूल पेटली होती.