भातसाच्या पाण्याखालची जमीन

शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर येतो, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण या धरणाने इथल्या माणसाला भूकंपही दिला, याची आठवण कोणी काढत नाही.

भातसाचा जलाशय भरत असताना १९८३ साली परिसरात धक्के सुरू झाले. १५ सप्टेंबर १९८३ चा धक्का तर ५ रिश्टरच्या जवळपास होता. तेव्हा कुणी 'देवीचा कोप' म्हटले असेल. पण कारण जमिनीतच होते. आपल्या बसाल्ट खडकात जुन्या भेगा आहेत. वर पाण्याचा डोंगर उभा राहिला की त्याचे वजन खाली पडते आणि पाणी भेगांतून खोल मुरते. मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना पूर्वीसारख्या घट्ट धरून राहत नाहीत आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. म्हणजे पाणी नुसते निमित्त. ताण जमिनीत होताच. जपानजवळ समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, तिथेही खाली गेलेले पाणी असेच काम करते. आपल्याकडे असा भूपट्ट बुडत नाही, पण पाण्याचा दाब तोच.

कोयनेने हे जगाला शिकवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पुढे तिथे ३ किलोमीटर खोल विवर खोदून खडक तपासला गेला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा आदिवासी कुटुंबे घर सोडून तंबूत झोपली.

मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार देणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी धरणाला सरसकट विरोध करू शकत नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. धरणाच्या कुशीत राहणारा ठाकूर, कातकरी, बौद्ध माणूस कुडाच्या किंवा कच्च्या विटांच्या घरात राहतो. त्याला जमिनीखाली काय चालले आहे ते कोण सांगतो? मुरबाडच्या काळू नदीवर धरणाचा प्रस्ताव आहे. तिथेही हीच विचारणा झाली पाहिजे. भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी इंग्रजी अहवालात न ठेवता मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि घरकुलाच्या भिंतीत भूकंपाला टिकणारा पट्टा घालायचा खर्च शासनाने द्यावा.