खालची फळी लेकराची

विदर्भातल्या शाळा या आठवड्यात उघडताहेत. पुण्या-मुंबईची मुलं आधीच वर्गात जाऊन बसली. आपली मात्र उन्हाच्या कृपेनं आणखी काही दिवस घरात लोळली. त्यामुळे अमरावतीच्या जवाहर रोडवर आणि अकोल्याच्या टिळक रोडवर सध्या दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या यांची झुंबड आहे. त्यांच्या जोडीला चाकांवर फिरणारे रंगीत प्लास्टिकचे खण आलेत. विकणारा सांगतो, ‘‘घेऊन जा ताई, पसारा गायब!’’ मोबाइलवरही तेच चाललंय. पांढरीशुभ्र खोली, एकसारख्या टोपल्या, टोपल्यांवर चिठ्ठ्या आणि खेळण्यातली मोटार गुपचूप जागेवर ठेवणारं एक शहाणं मूल.

या खोलीत पाण्याचा ड्रम नाही. गव्हाची कोठी नाही. कूलर नाही. म्हणजे ही खोली वऱ्हाडातली नाही, हे उघड आहे. तिच्यासाठी बनवलेला सल्ला आपल्या घरात का चालत नाही, हेही त्यातच आलं.

घर भरलंय कुणी?

लहान मूल असलेल्या घरात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याचं खापर पोरांच्या खेळण्यांवर फुटतं. एकदा नीट मोजून पाहा. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं मोर्शीकडच्या अप्पर वर्धातून. नळ मात्र रोज येत नाही. म्हणून मोरीत, व्हरांड्यात, कधी बैठकीच्या कोपऱ्यातही ड्रम उभे असतात. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा गहू आणि तुरीची डाळ भरली जाते. कुरड्या, सरगुंडे, पापड यांचे डबे त्यावर चढतात. दिवाणाच्या पोटात पाहुण्यांच्या गाद्या आणि लग्नात आलेली, अजून खोक्यातून न निघालेली भांडी. कूलर खिडकीत असेपर्यंत खिडकी त्याची, आणि पावसाळ्यात तो खाली उतरला की अर्धा माळा त्याचा.

खेड्यात याहून मोठा पाहुणा असतो, तो म्हणजे कापूस. २०२१-२२च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल या आशेनं अनेकांनी कापूस विकलाच नाही, घरात भरून ठेवला. भाव काही आला नाही. आली ती खाज. घरात साठवलेल्या कापसामुळे बायका-पोरांच्या अंगावर पुरळ उठल्याच्या बातम्या त्या वर्षी वऱ्हाडातल्या गावोगावहून येत होत्या. ज्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, तिथल्या मुलांना ‘स्टडी कॉर्नर’ सजवून द्या असं सांगणाऱ्याला काय म्हणावं?

अकोल्याच्या कौलखेड भागातलं एक दोन खोल्यांचं घर डोळ्यासमोर आणा. आई-बाप, आजी, पाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा. स्वयंपाकघरातल्या मांडणीची सर्वांत खालची फळी, म्हणजे धाकट्याच्या हाताला लागेल अशी एकमेव जागा. तिथं रॉकेलची जुनी बाटली, फिनेल, उंदराचं औषध आणि कोळशाची पिशवी. सर्वांत वर, मुलांचा हात पोचू नये म्हणून, रंगपेटी, चित्रांची पुस्तकं आणि लाकडी ठोकळे. ‘‘खाली ठेवलं तं फाडून टाकते न!’’ असं आजीचं म्हणणं. ‘‘अन् वरचं पायजे तं खुर्ची सरकोते, वर चढते. काय करावं या पोट्ट्याले?’’ आजीचं निरीक्षण अचूक आहे, व्यवस्था मात्र नेमकी उलटी लावलेली. विष खाली, पुस्तक वर. असं घर आपल्याकडे अपवादानं सापडत नाही; गल्लीत चार दारं उघडा, तीन ठिकाणी हेच दिसेल.

कुलूप लावायचं राहिलेलं कपाट

या प्रश्नाचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका विसराळू बाईमुळे सापडलं. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. खेळण्या-शिकण्याचं साहित्य वर्गावरच्या बाई कपाटात कुलपात ठेवत आणि वर्ग सुरू झाला की मुलांना वाटत. एके दिवशी कुलूप लावायचं राहून गेलं. बाई येऊन पाहतात तर मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीची वस्तू घेतली होती आणि कामालाही लागली होती. बाईंना ती चोरी वाटली. मॉण्टेसरींना त्यात वेगळंच काही दिसलं: कुठली वस्तू कुठं असते हे मुलांना ठाऊक आहे आणि त्यांना निवडही करता येते. तेव्हापासून मोठी कपाटं गेली, मुलाच्या उंचीच्या उघड्या फळ्या आल्या. आज हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या ‘मॉण्टेसरी शेल्फ’चं मूळ इतकं साधं आहे.

ही दृष्टी मराठी मुलांपर्यंत पोचवणाऱ्या ताराबाई मोडक यांचा संसार अमरावतीतला, हे आपल्याला फारसं आठवत नाही. मुंबईत पदवी घेतलेल्या ताराबाई १९१५ साली वकील मोडकांशी लग्न करून अमरावतीला आल्या. १९२१ मध्ये हा संसार मोडला. त्या राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे दादरचं शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी, नंतर कोसबाड, सोबतीला अनुताई वाघ. १९६२ मध्ये पद्मभूषण. शाळेच्या भिंतीवर तसबीर लावायला एवढं चरित्र पुरतं. घर लावताना उपयोगी पडणारी गोष्ट मात्र बोर्डीला घडली.

दादरच्या मध्यमवर्गीय मुलांसाठी चालणारं महागडं साहित्य बोर्डीच्या गरीब वस्तीत परवडणार नव्हतं. ताराबाईंनी मॉण्टेसरींचं तत्त्व ठेवलं आणि सामान बदललं. शिंपले, बिया, पानं, दगड, माती हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मॉण्टेसरीच्या नावावर आपल्याकडे जे चाललंय त्याच्या हे बरोबर उलटं आहे. आपण सामान आयात केलं आणि तत्त्व दुकानातच विसरलो. तत्त्व एवढंच: जे मुलाचं आहे ते त्याला कुणालाही न विचारता घेता आलं पाहिजे आणि परत ठेवताही आलं पाहिजे. त्यासाठी खण विकत घ्यावा लागत नाही, मांडणीची खालची फळी मोकळी करावी लागते.

अमरावतीनं ताराबाईंच्या नावानं निदान एवढं तरी करावं.

आधी कुलूप, मग मोकळीक

खालची फळी मुलाला द्यायची तर तिथलं सामान आधी कुठंतरी हलवलं पाहिजे, आणि हा आठवडा त्यासाठी सर्वांत नाजूक आहे. शाळा उघडतात तेव्हाच पेरणी लागते. बियाण्याच्या थैल्या, खताची पोती, फवारणीची औषधं याच दिवसांत ओसरीवर येऊन पडतात. कपाशीचं प्रक्रिया केलेलं बियाणं ते खाण्याचं नाही हे कळावं म्हणून रंगवलेलं असतं. मोठ्यांसाठी तो धोक्याचा इशारा. दोन वर्षांच्या पोराला तोच रंग गोळीची आठवण करून देतो. औषधाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो: लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण तो वाचायचा कुणी? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती शेतातल्या फवारणीची, मास्कची, हातमोज्यांची. उरलेलं औषध संध्याकाळी घरात नेमकं कुठं ठेवलं जातं, यावर कुणी फारसं बोललं नाही.

उत्तर कंटाळवाणं आहे. कुलूप लावता येईल अशी एक पत्र्याची पेटी, शक्यतो राहत्या खोल्यांच्या बाहेर. औषध कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात नकोतच; ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि आपल्याकडे धान्याची कोठी अनेकदा झोपायच्या खोलीतच असते.

पाण्याचंही तसंच. रांगणाऱ्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं तर त्याला मागे होता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. ड्रमला घट्ट झाकण, मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी आणि रात्री रिकाम्या बादल्या पालथ्या, एवढं केलं की झालं.

कूलरबद्दल दरवर्षी लिहिलं जातं आणि दरवर्षी पुन्हा बातमी येते: पत्र्याच्या कूलरला हात लागला, विजेचा धक्का बसला, पोर गेलं. पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो तेव्हा कूलर ही चैन नसते. मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. म्हणून कूलर काढा असं सांगणं मूर्खपणाचं. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढा. आता कूलर उतरवून ठेवायची वेळ आहेच, तर मिस्त्रीला बोलावलंय तेव्हाच हे काम उरकून घ्यावं.

लोखंडी कपाटाला मात्र आपण कधीच संशयानं पाहत नाही. खणांत पाय देऊन मूल वर चढलं की हलकं कपाट पुढे येतं. अमेरिकेत मुलं दगावल्यानंतर २०१६ साली आयकिया कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली होती. कपाटाची वरची बाजू भिंतीला पट्टीनं जखडायला सुतार फार तर अर्धा तास घेईल.

चार खेळणी, एक सतरंजी

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर एक छोटासा प्रयोग झाला. एकदा समोर चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हेनं खेळली. ३६ मुलांवरून जगाचा नियम काढू नये, पण ज्यांच्या घरात वाढदिवसाच्या खोक्यांचा ढीग आहे त्यांना हे आधीच ठाऊक असणार. थोडी खेळणी फळीवर ठेवायची, बाकीची पेटीत. काही दिवसांनी अदलाबदल. पेटीतलं बाहेर आलं की ते नवंच.

खेळण्यांसाठी ताराबाईंचा मार्ग वऱ्हाडात अगदी सोपा आहे. पऱ्हाटीच्या तासलेल्या काड्या, नारळाच्या करवंट्या, जुन्या वाट्या, झाकणं. चिंचोके आणि सरकी तीन वर्षांखालच्या मुलाला नकोत, नाकात-घशात जातात. गिळण्याजोग्या वस्तू ओळखायला खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. घरगुती अंदाज हवा तर दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा त्या नळीत सहज उतरते. विकतचं घ्यायचं तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या, २०२१ पासून ते खेळण्यांना सक्तीचं आहे.

आणि जागा? वेगळी खोली नसली तर सतरंजी अंथरा. मॉण्टेसरी वर्गात प्रत्येक मुलाचं काम त्याच्या छोट्या चटईवर चालतं. चटईच्या कडेपर्यंत त्याचं राज्य. बाळापूर-अकोटच्या सतरंज्यांचं एके काळी नाव होतं, त्यामुळे आपल्याला ही कल्पना बाहेरून आणायची गरज नाही. सतरंजीवरच खेळायचं, आणि खेळ संपला की सतरंजी गुंडाळायच्या आधी सामान फळीवर. दप्तरासाठी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी. जुन्या घरांत हाताशी देवळ्या होत्या. नव्या स्लॅबच्या घरांत सगळं छताखाली चढलं आणि मूल परावलंबी झालं. पाच वर्षांची मुलगी ‘‘आई, माझी वही दे’’ म्हणते तेव्हा आळस तिचा नसतो, वही ठेवणाऱ्याची चूक असते.

आवरतं कोण?

आवरण्याच्या धंद्यातली सर्वांत मोठी असामी म्हणजे जपानच्या मेरी कोंडो. ज्या वस्तूनं आनंद होत नाही ती काढून टाका, या मंत्रावर त्यांची पुस्तकं आणि मालिका जगभर चालल्या. २०२३ मध्ये, तिसरं मूल झाल्यावर, घर लखलखीत ठेवणं आपण बऱ्यापैकी सोडून दिलंय, असं त्यांनीच सांगितलं. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र खटकलं ते वेगळंच: हा प्रश्न विचारला जातो तो आईलाच. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ८८ मिनिटं. प्लास्टिकचा खण आणून ही दरी भरत नाही. उलट त्या खणात सामान लावायचं काम वाढतं, आणि तेही तिच्याच वाट्याला येतं.

खालच्या फळीचा खरा फायदा इथं आहे. तिच्यामुळे घर फोटोत दिसतं तसं नेटकं होणार नाही. पण तीन वर्षांचं मूल आपली वाटी आपण घेईल, जागेवर ठेवेल, सांडलं तर फडकं कुठं आहे हे त्याला माहीत असेल. त्या २८९ मिनिटांतली थोडी तरी वाचतील, आणि घरात मुलगा असेल तर हे काम आपलंही आहे हे तो कुणी न शिकवता शिकेल. आजीचं ‘‘फाडून टाकते’’ हे खरंच आहे. पहिल्या महिन्यात दोन-चार पुस्तकं फाटतील. ती चिकटवायला खळ पुरते.

तेव्हा नवा खण घ्यायच्या आधी घरातल्या पुरुषांनी या रविवारी दोन कामं करावीत. फवारणीचं औषध आणि फिनेल कुलपात टाकावं, आणि रिकामी झालेली फळी पुसून लेकराच्या ताब्यात द्यावी. आजीला काय सांगायचं, तेही त्यांनीच सांगावं.