कायदा टप्प्याटप्प्याने का लागू होतो? 'रेरा' समजून घ्या

संसदेत कायदा संमत झाला म्हणजे तो लगेच पूर्णपणे लागू होतोच असे नाही. आपले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले, पण अनुच्छेद ३९४ नुसार त्या दिवशी नागरिकत्व, निवडणूक आयोग अशा मोजक्याच तरतुदी लागू झाल्या. उर्वरित संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच 'रेरा'चेही तसेच झाले. १ मे २०१६ रोजी प्राधिकरण आणि अपील न्यायाधिकरणाची कलमे लागू झाली. प्रकल्पाची नोंदणी, बिल्डरची कर्तव्ये आणि दंडाची कलमे १ मे २०१७ पासून आली. तक्रार ऐकणारी यंत्रणा आधी उभी राहिली, तरच हक्काला अर्थ राहतो.

आपल्या वस्त्यांतील, चाळींतील अनेक कुटुंबे पहिल्यांदाच स्वतःचे घर घेत आहेत. त्यात आयुष्यभराची पुंजी जाते. म्हणून हे लक्षात ठेवा :

- करारनामा करून त्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.
- ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते.
- ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. तिथे जास्त जपून राहा. टोकन देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक स्वतः तपासा. हक्क माहीत असेल, तरच तो मागता येतो.